खालच्या गृहस्थांसाठी निवेदन

भाव केल्याशिवाय मी आजवर काही घेतलेलं नाही. भाजी नाही, मोटरसायकल नाही, मुलीच्या लग्नाचा हॉलही नाही. समोरचा माणूस पहिला आकडा बोलतो तेव्हा मला तो ऐकूच येत नाही, त्याच्या मागे लपलेला दुसरा ऐकू येतो. खानापूर तालुक्यातून मिसरूड फुटायच्या आत मद्रासला आलो, दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर हात पोळून घेतले आणि साहुकारपेटच्या मागच्या गल्लीत स्वतःची गलाई, म्हणजे सोनं गाळायची भट्टी, उभी केली, ती या कानांच्या जोरावर. एकच माणूस असा भेटला की त्याच्यापुढे हे कान कामाला आले नाहीत. तो माझा घरमालक.

गल्लीत त्याला सगळे रायर म्हणत. तंजावरकडून आलेल्या मराठी माणसांना इथले तमिळ लोक रायरच म्हणतात. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

जागा बघायला गेलो त्या दिवशी त्यानं दार उघडलं. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, बाह्यांचा बनियन आणि कानावर पेन्सिलीसारखा खोचलेला टेस्टर. मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि म्हणाला, "ऐका." मग भाडं किती, पाणी कधी, विजेचं बिल कोण भरणार, भट्टीचा धूर कुठून बाहेर काढायचा, सगळं एका दमात सांगून टाकलं. मी घसा साफ केला.

"अण्णा, ते भाड्याचं जरा..."

त्यानं तळहात दाखवला. रस्त्यावरचा पोलीस लॉरी अडवतो तसा. "पोदुम," म्हणाला. म्हणजे पुरे. आणि दार लावून घेतलं.

मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "समाचार सांगून झाला."

अशा वेळी एक युक्ती असते. निघून जायचं. पाठ फिरवलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारत नाही असा माणूस मी पाहिलेला नव्हता. गल्लीच्या टोकाला देवळाशेजारी एक फूलवाली बसते, तिच्यापर्यंत सावकाश चालत गेलो आणि चप्पल दुरुस्त केल्यासारखं करत थांबलो. ती मोगरा ओवत होती. मान वर न करता तमिळमध्ये म्हणाली, "रायरच्या घरून आलात ना सेटु? तो हाक मारणार नाही."

"तुला काय माहीत?"

"त्याची बायको होती तेव्हा एकदा रागावून इथपर्यंत आली होती. इथंच उभी होती, तुमच्यासारखी. तिलाही नाही मारली."

"मग?"

"मग काय, गेली परत. कॉफीची वेळ झाली होती."

मीही परत गेलो. घरात भट्टी लावू देणारा मालक त्या भागात दुसरा नव्हता, आणि ते त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

रायरची सगळी नोकरी रेल्वेच्या चौकशी खिडकीत गेली होती. जाळीच्या अलीकडे तो आणि पलीकडे अख्खं मद्रास. गाडी कधी, कुठल्या फलाटावर, उशीर का, किती उशीर, नक्की का, आणि मग मघाशी तसं का म्हणालात. सांगितलेलं कुणी ऐकत नसे, आणि ऐकलं तरी शेजारच्या हमालाला विचारून खात्री करून घेत असे. त्या खिडकीतून उठताना त्यानं म्हणे ठरवलं की यापुढे आपण सांगायचं आणि कुणी विचारायचं नाही. माणूस निवृत्तीनंतर तीर्थयात्रेला जातो, शेअर घेतो, व्याह्याशी भांडतो. यानं जगाची चौकशी बंद केली.

त्याच्या घरातल्या काळ्या फोनचा ऐकायचा भाग त्यानं खोलून दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला लावला होता. बोलायचा भाग तेवढा शाबूत. तो नंबर फिरवायचा, अंदाजानं थोडा थांबायचा, आपलं म्हणणं सांगायचा आणि ठेवून द्यायचा. पलीकडे कुणी उचलला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. गंमत अशी की गॅसवाला त्याचं सिलिंडर वेळेवर आणून टाकी आणि मला, दिवसातून चारदा आरडाओरडा करणाऱ्याला, थांबवून ठेवी.

आमची भाषा एकच, असं कागदोपत्री म्हणता येईल. तो "मी सांगितलों" म्हणायचा, "कोठें" म्हणायचा, शब्दाशब्दाचा शेवट नाकातून काढायचा आणि मध्ये तमिळ पेरायचा. जुन्या पोथीतून कुणी उठून बाहेर यावं आणि वाटेत मद्रासच्या कपालीश्वराच्या बाजारात मुक्काम करावा, तसं ते बोलणं. माझं बोलणं ऐकून मात्र त्याच्याच चेहऱ्यावर दातदुखी उमटायची.

"तुमचें मराठी भांडणाचें आहे," तो एकदा म्हणाला.

"आणि तुमचं हो?"

तळहात.

आता त्या रेडिओबद्दल. माझ्या धंद्यात जुने दागिने, सोनारांचा केरकचरा असलं सगळं वितळवून, तेजाबात घालून, शुद्ध सोनं वेगळं काढतात. अलीकडे मी मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पाट्याही घेतो, कारण त्यांच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. पाट्यांचा ढीग अंगणात पडलेला असे. एके सकाळी बघतो तर रायर उकिडवा बसून एकेक पाटी डोळ्यांजवळ धरतोय. मला वाटलं, म्हाताऱ्याला सोन्याचा वास लागला. लगेच खाली बसलो.

"काय पाहिजे अण्णा? भाव सांगा, देऊन टाकू."

त्यानं एका पाटीवरून पोस्टाच्या तिकिटाहून लहान अशी चपटी पत्र्याची डबी काढली, उन्हात धरून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि वेष्टीच्या कमरेला खोचली. ती डबी मी रोज कचऱ्यात फेकत होतो. पण त्याला हवी म्हटल्यावर ती कचरा कशी राहील? मी भाव सुरू केला. तो जिना चढून गेलाही.

आठवडाभरानं मला वर बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे जिन्यातून, "खालचे गृहस्थ, वरतीं." तो मला नेहमी खालचे गृहस्थ म्हणे, मी समोर उभा असलो तरी. वर गेलो तर बायकोच्या पोळपाटावर पितळी खिळे ठोकून त्यानं काही तारा जोडल्या होत्या. मधोमध माझी ती डबी, शेजारी जुन्या रेडिओतला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर, एक चौकोनी बॅटरी, आणि पलीकडे पोट उघडं टाकलेला टेपरेकॉर्डर, ज्याच्या माइकात तो बोलणार होता. एक लांब तार खिडकीतून बाहेर पडून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. काही विचारलं असतं तर तो बोललाच नसता. मी गप्प बसलो, म्हणून सांगायला लागला.

"ऐका. या डबीच्या भीतर एक खडा आहे. बॅटरी लावली कीं तो थरथरतो. एका सेकंदांत दहा लाख वेळां. सुम्मा थरथरतो, त्याला अर्थ नाहीं. आतां मी माइकांत बोलतों. माझा आवाज ट्रान्सफॉर्मरांतून जाऊन बॅटरीला धरतो. मी मोठ्यानें बोललों कीं खड्याला वीज अधिक, हळू बोललों कीं कमी. खडा तेवढाच थरथरतो, पण त्याचा जोर माझ्या आवाजासारखा वर-खालीं होतो. तार तें हवेंत सोडते. रेडिओ तें ऐकतो. पोदुम."

मग त्यानं माझ्या हातात एक जुना ट्रान्झिस्टर दिला, काटा मीडियम वेव्हच्या मधोमध लावला आणि मला जिन्यात उभं केलं. खरखर आली, आणि खरखरीतून त्याचा आवाज: "खालचे गृहस्थ जिन्यांत उभे आहेत." पाच पायऱ्या उतरलो तर आवाज गेला.

"अण्णा," मी ओरडून म्हणालो, "एवढं तर तुमचं नुसतं तोंडानंसुद्धा ऐकू येतं!"

त्याला आता उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. बोलता येईल पण ऐकावं लागणार नाही, असं यंत्र त्याच्या हाती आलं होतं. मला मात्र त्या क्षणी धोका दिसायला हवा होता. रेडिओशी घासाघीस करता येत नाही.

गच्चीवरची तार लांबवून त्यानं आवाज खरखरत का होईना गल्लीत पोहोचवला. अडचण एवढीच होती की मीडियम वेव्ह ऐकणारं गल्लीत कुणी शिल्लक नव्हतं. लोकांच्या हातात मोबाइल. रायरनं त्यावरही तोड काढली. भंगारवाल्यांकडून मोडके ट्रान्झिस्टर आणून दुरुस्त करायचा आणि फुकट वाटायचा. फुकट! बाजारात बसून फुकट देणाऱ्या माणसाकडे बघून मी मनात त्याचा तोटा मोजत बसे. इस्त्रीवाल्याला एक दिला, फूलवालीला एक दिला. इस्त्रीवाल्यानं तो आठवड्यात मलाच भंगारात विकला. रायरला तो माझ्या ढिगात दिसला. त्यानं तो उचलला, पुसला आणि पुन्हा इस्त्रीवाल्याला नेऊन दिला. इस्त्रीवाल्यानं पुन्हा विकला. शेवटी इस्त्रीवाल्याला लाज वाटायला लागली. मला नाही वाटली, धंदा आहे.

फूलवालीनं मात्र ठेवला. मी तिला विचारलं, "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"काही नाही. पण रायर बोलायला लागला की फुलांवर माशा बसत नाहीत."

कारण रायर बोलायचा ते मराठीत. त्याच्या त्या मराठीत. अख्ख्या गल्लीत ते समजणारा माणूस एकच, म्हणजे मी. तिन्हीसांजेला दिवे लागले की सुरू व्हायचं. आधी पाण्याचा समाचार: टाकीत किती आहे, टँकर आला की नाही. मग डाळ किती आंबट करावी यावर चार शब्द. आणि मग ते माझ्या डोक्याची शीर उडवणारं वाक्य, "खालच्या गृहस्थांसाठीं निवेदन."

"खालचे गृहस्थ गिऱ्हाइकाशीं बोलतांना टेबलावर हात आपटतात. वरतीं काफी सांडते."

"खालचे गृहस्थ काल एका म्हाताऱ्या सोनाराला चोर म्हणाले. तो चोर आहे. परंतु इतक्या मोठ्यानें म्हणूं नये."

मी तणतणत वर जायचो. तो माइकासमोर बसलेला, शेजारी लाल बल्ब पेटलेला, आणि मला बघताच तळहात वर. बल्ब पेटलेला असताना खोलीत आवाज करायचा नाही. बल्ब विझला की "समाचार सांगून झाला." मी ट्रान्झिस्टर फेकून का दिला नाही? तुमच्याविषयी कुणी रोज बोलतंय आणि ते तुम्हालाच फक्त कळतंय, अशी वेळ आल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. शिव्या खायला का होईना, दिवे लागले की मी कान देऊन बसायचो.

एकदा मी गावच्या जत्रेला गेलो आणि परत येऊन बघतो तो दुकानातल्या कोपऱ्यात, धुण्याच्या टाक्याखाली, फरशी उचकटलेली. भुईत एक लोखंडी पाइप ठोकलेला, त्याला तांब्याची तार, आणि ती तार भिंतीवरून वर रायरच्या खोलीत गेलेली. माझ्या अंगाचा भडका उडाला.

का, ते सांगायला हवं. गलाईच्या दुकानात सोनं नुसतं मुशीत नसतं. हवेत उडतं, हाताला लागतं, धुण्याच्या पाण्यातून निसटतं आणि फरशीच्या फटींतून भुईत उतरतं. म्हणून आम्ही फटी बुजवत नाही. वर्षानुवर्षं ती माती सोनं पीत राहते, आणि दुकान सोडताना माणूस ती माती खणून घेऊन जातो, धुतो, आणि त्यातून निघतं त्यावर पुढचं दुकान उभं करतो. आमच्या लोकांत हा रिवाज आहे. त्या मातीच्या भरवशावर मी पलीकडच्या रस्त्यावर स्वतःच्या मालकीची जागा घ्यायचं बोलून ठेवलं होतं. आणि सगळ्यात जास्त सोनं कुठं, तर धुण्याच्या टाक्याखालच्या त्याच कोपऱ्यात.

"अण्णा, तो पाइप काढा!"

"अर्थ आहे," तो म्हणाला.

"काय अर्थ आहे?"

"रेडिओला हवेंत तार पाहिजे आणि भुईंत पाय पाहिजे. तेंच अर्थ, अर्थिंग. सगळें घर शोधलों. बाकी भुई कोरडी. तुमच्या टाक्याखालीं तेजाबाचें पाणी, मीठ, ओल, सगळें मुरलें आहे. वीज तेथें लगेच उतरते. मद्रासांत अशी माती नाहीं."

अशी माती नाही! हे मला हा सांगणार! मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. पहिल्या आकड्यामागचा दुसरा आकडा मला तिथं स्पष्ट दिसला. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. अर्थ, ओल, वीज, हे सगळं बोलायचं. खरी नजर माझ्या सोन्यावर.

त्या संध्याकाळी आवाजाची खरखर गेली आणि तो थेट गल्लीच्या टोकाला, देवळापर्यंत गेला. फूलवालीच्या ट्रान्झिस्टरवर रायर इतका स्वच्छ वाजला की देवळातल्या भटजीनं बाहेर येऊन कोण मेलं म्हणून विचारलं.

पुढचे काही महिने आमच्यात नवीनच भांडण सुरू झालं. माझ्या भट्टीला हवा देणारा ब्लोअर जुना. तो फिरला की त्याच्या मोटरीतून ठिणग्या उडायच्या, आणि त्या ठिणग्यांची खरखर सगळ्या गल्लीतल्या ट्रान्झिस्टरवर. नेमकी संध्याकाळीच मला भट्टी लावायची असे, दिवसभराचा माल तेव्हा गोळा होई. निवेदन सुरू झालं की मी ब्लोअर लावायचो. कधी कामासाठी, कधी कामाशिवाय.

आणि मग एका पहिल्या तारखेला तो कुलूप घेऊन खाली आला.

"आजपासून जागा रिकामी करायला सुरुवात," म्हणाला.

"कसली जागा? कोण म्हणतं?"

"निवेदन केलों. महिनाभर, रोज."

"मला ऐकू नाही आलं!"

"ब्लोअर चालू होता."

"मग ऐकू येईल कसं?"

"येणार नाहीं," तो शांतपणे म्हणाला. "म्हणूनच तर जायला सांगितलों."

मी टेबलावर हात आपटला. वर काहीतरी सांडलं असेल. इतक्या वर्षांचा भाडेकरू, एकदाही भाडं चुकवलं नाही, आणि हा मला घालवणार, माशा हाकलणाऱ्या रेडिओसाठी! वकिलाकडे जातो म्हणालो. तळहात. पण जागा सोडण्यावरून मी फार वेळ लढलो नाही, हे खरं, कारण पलीकडची जागा तशीही घ्यायचीच होती. लढाई होती मातीची.

"ठीक आहे, जातो. पण माझी माती घेऊन जातो. सगळी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कमरेएवढी खोल. तो कोपरा पहिला!"

"भुई घराची आहे."

"भुई घराची, पण त्यातलं सोनं माझ्या घामाचं आहे! तुम्हाला आमच्यातला रिवाज माहीत नाही?"

"ओरडूं नका."

"ओरडणार! तुम्ही ऐकूनच घेत नाही तर माणूस करणार काय? आयुष्यात कधी कुणाचं पूर्ण ऐकलंत का? बायकोचं तरी?"

हे जरा जास्त झालं. त्यानं कुलूप माझ्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "वरतीं या."

वर गेल्यावर त्यानं मला माइकासमोर, त्याच्या खुर्चीवर बसवलं. "आज निवेदन तुमचें. मी देवळापाशीं जाऊन ऐकतों. सगळें ऐकतों. मधें बोलणार नाहीं, मधें बोलायला येणारच नाहीं. तुमचें संपलें कीं मी जबाब देतों, आणि तो शेवटचा. कबूल?"

मी कबूल म्हणालो. त्याच्याशी बोलायची एवढी मोकळी संधी कुणालाच मिळाली नव्हती.

"एक लक्षांत ठेवा," दारातून तो म्हणाला. "हळू बोला. रागानें ओरडलां तर खड्याची वीज तुटते. आवाज फाटतो, मग कांहींच ऐकूं येत नाहीं."

ट्रान्झिस्टर घेऊन तो गेला. मी खिडकीतून पाहिलं, तो फूलवालीशेजारी ओट्यावर टेकला. मी लाल बल्ब लावला.

"अण्णा," मी हळू म्हणालो. "मला सगळी माती पाहिजे. कोपऱ्यासकट. पाइप तुम्ही दुसरीकडे ठोका. रिवाजानं माझा हक्क आहे आणि मी तो सोडणार नाही."

झालं. एवढंच म्हणायचं होतं. एरवी इथं समोरचा काहीतरी म्हणतो. तो नाही म्हणतो, मी उसळतो, तो शपथ घेतो, मी उठून जातो. इथं समोर पोळपाट. पोळपाट काही म्हणेना.

माझ्या धंद्यात समोरचा गप्प बसला तर त्याचा अर्थ एकच: त्याला सौदा पटलेला नाही, तो उठतोय. गप्प बसलेल्या माणसानं मला आजवर सगळ्यात जास्त घाबरवलंय. ओरडताही येईना, वीज तुटेल.

"बरं, असं करू," मी म्हणालो. "कमरेएवढी नको. गुडघ्याएवढी खणतो."

पोळपाट गप्प.

"आणि खणून झाल्यावर नवीन भर घालून देतो. फरशी बसवून देतो. माझ्या खर्चानं. नवीन फरशी, जुनी नाही."

काही नाही. खालून फक्त एक रिक्षा गेली.

"भिंतीला रंगही देतो. अण्णा, बघा, याच्या खाली मला परवडत नाही." हे वाक्य मी आयुष्यात हजारांना ऐकवलंय, पण समोर तोंड असताना. ते वाक्य म्हटल्यावर आणखी खाली उतरायचं असतं, हे मी इतक्यांदा केलंय की जीभ आपोआप पुढे गेली. "बरं, कोपऱ्यातली अर्धी माती तुमची. अर्धी. पाइपाभोवतीची. ठीक? बरं, ऐका, तुम्हाला ओलच पाहिजे ना? मग तो कोपरा राहू द्या. पूर्ण राहू द्या. त्याला मी हात लावत नाही. बाकीची खोली माझी. हे शेवटचं. याच्यापुढे एक शब्द नाही." आणि थोडं थांबून, "ब्लोअरही नेतो, तुम्हाला त्रास नको," असंही म्हणालो. ते तर त्यानं मागितलंही नव्हतं.

बल्ब विझवून मागे वळलो तर दारात रायर उभा. ट्रान्झिस्टर कानाशी. जिना चढून दम लागलेला.

"सरि," म्हणाला. म्हणजे ठीक आहे. आणि जबाब संपला.

माझ्या माणसांनी सगळी खोली गुडघाभर खणली. कोपऱ्यात तेवढा एक चौकोन उभा राहिला, मध्ये पाइप असलेला, तुळशीवृंदावनासारखा. रायर सकाळी तांब्या घेऊन यायचा आणि ओल टिकावी म्हणून त्याला पाणी घालायचा. आम्ही खड्ड्यात उभे राहून बघायचो. बाकीच्या मातीतून जे निघालं त्यावर पलीकडच्या जागेचं दारसुद्धा झालं नसतं. ती जागा दुसऱ्यानं घेतली. मी आज एका मारवाड्याच्या मागच्या खोलीत बसतो, भाड्यानं. भाव करून घेतलेली खोली आहे, एवढंच.

सामान हलवलं त्या दिवशी फूलवालीचा निरोप घ्यायला थांबलो. म्हटलं, "तुझा रायर पक्का निघाला. त्या दिवशी इथं बसून एक शब्द न बोलता माझ्याकडून सगळं काढून घेतलं."

"इथं कुठं बसला होता, सेटु?" ती म्हणाली. "टेकला आणि लगेच उठला. तुम्ही दोन शब्द बोललात, तो रेडिओला म्हणाला, सरि सरि. आणि निघाला घराकडे. तुमचं अजून चालूच होतं. मग तो दर चार पावलांवर थांबून ऐकायचा आणि पुन्हा चालायचा."

मी तसाच उलट फिरलो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. तो पोळपाटावरची धूळ फुंकत होता.

"अण्णा! तुम्ही पहिल्यालाच हो म्हणालात? सगळी माती, कोपऱ्यासकट?"

"होय," तो म्हणाला. "पाइप नळापाशीं ठोकला असतां. ओल थोडी कमी आहे. चाललें असतें."

"मग वर आल्यावर सांगितलं का नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या चेहऱ्यावर लबाडी शोधायला मी जंग जंग पछाडलं. अजून शोधतोय.

"तुमचें चालू होतें," रायर म्हणाला. "मधें बोलायचें नाहीं, असें ठरलें होतें."